विलिस हॅविलंड कॅरियर : हवेस वळण लावणारा यंत्रज्ञ

मुंबई-पुण्यासारख्या शहरात रस्त्याने जाताना मान वर करून पाहिले असता इमारतींच्या भिंतींतून पत्र्याच्या चौकोनी पेट्या बाहेर डोकावत असलेल्या दिसतात. त्यांच्या पाठीतून ऊन वारा येत असतो, खाली पाण्याचे थेंब ठिबकत असतात आणि एक अखंड घरघर चालू असते. आतल्या खोलीत बसलेल्या मनुष्यास मात्र तीच पेटी शीतल व सुखावह वाटते. भिंतीच्या एका अंगास सुख व दुसऱ्या अंगास ताप देणाऱ्या ह्या यंत्राच्या मुळाशी ज्या गृहस्थाची बुद्धी आहे, त्याचे नाव विलिस हॅविलंड कॅरियर. हे आडनाव यंत्रांवर कोरलेले पुष्कळांनी वाचले असेल. परंतु ते एका हाडामांसाच्या मनुष्याचे नाव आहे, हे थोड्यांच्याच ध्यानी येते. त्या मनुष्याची हकिकत येथे सांगावयाची आहे.

विलिसचा जन्म १८७६ साली नोव्हेंबर महिन्याच्या २६ व्या तारखेस अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात, ईरी सरोवरानजीकच्या अँगोला ह्या गावी झाला. आईबापांचे ते एकुलते एक अपत्य. घरी शेती होती, संपत्ती नव्हती. आई एलिझाबेथ ही हॅविलंड नावाच्या क्वेकर पंथीय घराण्यातली. हाताची मोठी कुशल, बिघडलेली घड्याळेसुद्धा ती स्वतःच उघडून दुरुस्त करी. विलिसला शाळेत अपूर्णांक काही केल्या समजेनात, तेव्हा तिने त्याला तळघरातून सफरचंदे आणावयास सांगितली. मग एकाचे दोन तुकडे, एकाचे चार, एकाचे आठ असे करून ते तुकडे त्याला जुळवावयास, वेगळे करावयास, मोजावयास लावले. गणित म्हणजे पाटीवरची चिन्हे नसून हाताने धरता येणाऱ्या वस्तूंचा हिशेब आहे, ही गोष्ट त्या मुलाच्या मनात तेव्हा जी रुजली ती जन्मभर टिकली. आम्हा शिक्षकांस ह्या माउलीचा हेवा वाटावा अशीच ही युक्ती आहे. दुर्दैवाने विलिस अवघा ११ वर्षांचा असता ती निवर्तली.

पुढील दिवस ओढग्रस्तीचे होते. १८९० नंतरच्या दशकात अमेरिकेत मोठी मंदी आली आणि शेतकऱ्याच्या मुलाने उच्च शिक्षणाची आशा धरणे अवघड झाले. विलिसने काही काळ गावच्या शाळेत मास्तरकी केली. त्यानंतर बफेलो शहरी राहून शिल्लक राहिलेला अभ्यास पुरा केला, परीक्षा दिली आणि शिष्यवृत्ती मिळवून तो कॉर्नेल विद्यापीठात दाखल झाला. शिष्यवृत्तीने शिकवणीचा खर्च भागे. पोटाचा प्रश्न उरेच. त्याकरिता त्याने लोकांच्या अंगणातील गवत कापले, भट्ट्यांत कोळसा घातला, खानावळीत ताटे वाढली. १९०१ साली यंत्रशास्त्राची पदवी घेऊन तो बाहेर पडला व त्याच वर्षी बफेलो फोर्ज नावाच्या कारखान्यात आठवड्यास १० डॉलर वेतनावर रुजू झाला. तेथे मोठे पंखे, भट्ट्यांचे भाते व इमारती उबदार राखण्याची यंत्रे तयार होत असत. हे लक्षात ठेवण्याजोगे आहे, कारण ज्याने पुढे जगाला गारवा दिला त्याचे पहिले काम उष्णतेचे होते.

त्या काळी अशी यंत्रे बहुधा अंदाजाने बनवीत. नळ्या किती लांब असाव्यात, पंखा किती मोठा असावा, हे अनुभवी कारागीर सांगेल ते प्रमाण मानले जाई व चूक होऊ नये म्हणून यंत्र गरजेपेक्षा मोठे करीत. तरुण कॅरियरला हे खपेना. त्याने नळ्यांवरून हवा सोडून ती किती तापते ह्याची मोजमापे घेतली व त्यांची कोष्टके तयार केली. कारखान्याचा पैसा वाचू लागताच मालकांनी त्यास प्रयोगाकरिता स्वतंत्र विभाग दिला. ह्या कारखान्यात जे. आयर्विन लाइल नावाचा विक्रेता होता. ह्या दोघांचा स्नेह पुढे जन्मभर टिकला.

१९०२ साली लाइलने एक विलक्षण अडचण आणली. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात सॅकेट-विल्हेल्म्स नावाचा शिळाछापाचा मोठा छापखाना होता. तेथे रंगीत चित्रे छापीत. रंगीत चित्र एका दमात छापले जात नाही. एकेक रंग निराळा, एकावर एक असा छापावा लागतो. उन्हाळ्यातील दमट हवेत कागद ओलावा पिऊन ताणे, कोरड्या दिवशी आकसे, आणि आज छापलेल्या पिवळ्यावर उद्याचा तांबडा नेमका बसत नसे. ज्यांनी जुन्या कॅलेंडरांवर ओठांचा तांबडा रंग ओठ सोडून गालावर सरकलेला पाहिला आहे, त्यांस ही अडचण समजावून सांगण्याचे कारण नाही. शाईही वाळेना. काम वाया जाऊ लागले.

कॅरियर तेव्हा २५ वर्षांचा होता. छापखान्यास थंडावा नको होता, हवेतील ओलावा बारा महिने एकसारखा हवा होता; तो शेकडा ५५ असावा असे ठरले. त्याच वर्षी जुलै महिन्याच्या १७ तारखेस त्याने यंत्राचे नकाशे पुरे केले, आणि हाच दिवस आधुनिक वातानुकूलनाचा जन्मदिवस समजला जातो.

येथे थोडे पदार्थविज्ञान आले पाहिजे. हवेत पाण्याची वाफ अदृश्य रूपाने वास करते. हवा जितकी उष्ण तितकी अधिक वाफ तिच्यात मावते. ती थंड झाली की तिची ही शक्ती घटते व जास्तीची वाफ पाणी होऊन बाहेर पडते. उन्हाळ्यात गार पाण्याने भरलेल्या तांब्याच्या बाहेरच्या अंगास थेंब जमतात. तांबा काही पाझरत नाही. ते पाणी भोवतालच्या हवेतले असते. कॅरियरने छापखान्यात नेमके हेच घडविले. नळ्यांच्या वेटोळ्यांतून गार पाणी खेळविले, त्यांवरून पंख्याने हवा नेली, आणि हवेने आपले पाणी नळ्यांवर टाकले. आपल्या घरचा माठ व वाळ्याचा पडदा ह्यांची रीत ह्याच्या उलट आहे. तेथे पाणी वाफ होऊन हवेत शिरते व शिरताना उष्णता घेऊन जाते, म्हणून गारवा वाटतो. नागपुराकडील कोरड्या उन्हाळ्यात वाळ्याचा पडदा स्वर्गसुख देतो. पण तोच मुंबईस किंवा रत्नागिरीस लावून पाहा. तेथील हवा आधीच वाफेने भरलेली. तिच्यात आणखी वाफ मावावी कोठे? अशा ठिकाणी हवेतून पाणी काढल्याविना जिवाला आराम नाही, आणि पाणी कसे काढावे व किती काढावे हे मोजून सांगणारा पहिला मनुष्य कॅरियर.

ह्या पहिल्या यंत्राने त्याचे समाधान झाले नाही. १९०२ च्या हिवाळ्याच्या तोंडी एका रात्री तो पिट्सबर्गच्या रेल्वे स्थानकावर गाडीची वाट पाहत उभा होता. फलाटावर दाट धुके उतरले होते. आपण अशा वेळी गाडीला उशीर होणार म्हणून कुरकुरतो. हा मनुष्य धुक्याकडे पाहत हिशेब करू लागला. ही हवा पाण्याने शेकडा शंभर भरलेली आहे, तरीही ती थंड असल्यामुळे तिच्यात प्रत्यक्ष पाणी फार थोडे आहे. मग हवा मुद्दाम धुक्यातून नेली व त्या धुक्याची उष्णता आपल्या हाती ठेवली, तर हवेत किती पाणी राहावे हेही आपल्याच हाती येईल! हवा कोरडी करण्याकरिता तिला पाण्याच्या फवाऱ्यातून न्यावयाचे, ही कल्पना ऐकणारास वेडगळ वाटावी अशीच होती. परंतु फवारा पुरेसा गार असेल तर हवा त्यात आपले जास्तीचे पाणी सोडूनच बाहेर पडते. शिवाय तिची धूळही धुतली जाते. गाडी येईपर्यंत त्याच्या मनात सर्व आराखडा तयार झाला होता असे सांगतात. ह्या यंत्राचे एकस्व त्यास १९०६ च्या जानेवारीत मिळाले. त्याच वर्षी स्टुअर्ट क्रेमर नावाच्या कापडगिरण्यांच्या यंत्रज्ञाने ह्या विद्येस जे इंग्रजी नाव दिले, त्याचेच भाषांतर आपण वातानुकूलन म्हणून करतो.

पहिली गिऱ्हाइके कारखानदारच होती. कोरड्या हवेत सूत तटातट तुटते, हे गिरणगावात राहिलेल्या कोणासही ठाऊक आहे. तेव्हा कापडगिरण्यांनी ओलावा राखण्याकरिता हे यंत्र घेतले. १९०७ साली ते जपानात योकोहामा येथील रेशमाच्या गिरणीत गेले. १९११ साली कॅरियर यांनी अमेरिकेतील यंत्रज्ञांच्या सभेपुढे हवेची उष्णता व ओलावा ह्यांचा संबंध दाखविणारी सूत्रे मांडली व त्याचा एक आलेख काढला. त्या आलेखाच्या पद्धतीवरच ह्या शास्त्राचे विद्यार्थी शिकत आले आहेत. सफरचंदाच्या फोडींपासून निघालेला मुलगा येथवर येऊन पोहोचला होता.

सर्वच कामे यशस्वी झाली असे मात्र नव्हे. मिसुरी राज्यातील क्रिस्टल सिटी येथील एका काचेच्या कारखान्यात वायू शुद्ध करण्याचे यंत्र बसविण्यास त्यांस पाठविले होते. यंत्र चालले, परंतु दिलेल्या वचनाप्रमाणे चालेना. कित्येक रात्री त्यांस झोप आली नाही. अखेरीस त्यांनी चिंतेचाही हिशेब मांडला. वाईटात वाईट काय होईल? यंत्र काढून टाकावे लागेल, मालकांचे २०,००० डॉलर बुडतील, कदाचित आपली नोकरी जाईल. ते घडले असेच समजून मनाने स्वीकारावे, आणि मग त्यातून काय वाचविता येते ते शांतपणे पाहावे. तसे करताच डोके चालू लागले. आणखी ५,००० डॉलरची सामग्री जोडल्यास यंत्र नीट चालेल असे प्रयोगांवरून दिसले; ती जोडली, आणि बुडीत धरलेल्या रकमेऐवजी कारखान्यास १५,००० डॉलरचा लाभ झाला.

१९१४ साली युरोपात महायुद्ध पेटले आणि बफेलो फोर्जने हा नवा उद्योग आटोपता घेण्याचे ठरविले. दोनच वर्षांपूर्वी कॅरियर यांची पहिली पत्नी वारली होती. आता बारा वर्षांच्या श्रमांवर पाणी पडण्याची वेळ आली. तेव्हा ते स्वतः, लाइल व दुसरे पाच यंत्रज्ञ अशा सात जणांनी एकत्र येऊन ३२,६०० डॉलर उभे केले व १९१५ च्या जूनमध्ये स्वतंत्र मंडळी स्थापन केली. कारखाना नाही, भांडवल तुटपुंजे, बाहेर युद्ध. ज्ञान मात्र सातही जणांजवळ होते.

आतापावेतो ह्या विद्येची सेवा कागद, सूत व तंबाखू ह्यांस मिळत होती, मनुष्यास क्वचितच. १९१४ साली पिट्सबर्गच्या ॲलेघेनी रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बालकांच्या दालनात हवेस योग्य ओलावा देण्याकरिता कॅरियर यांचे यंत्र बसविले गेले, तेवढा अपवाद सांगता येईल. ह्या ठिकाणी मला दुसऱ्या एका मनुष्याची आठवण होते. फ्लॉरिडात ॲपालाचिकोला ह्या बंदरी जॉन गॉरी नावाचा एक धर्मशील वैद्य होता. तापाने तळमळणाऱ्या रोग्यांच्या खोल्या थंड करण्यासाठी त्याने यंत्राने बर्फ करण्याची युक्ती काढली, १८५१ साली तिचे एकस्व मिळविले, परंतु कोणी धनिक उभा राहिला नाही व १८५५ साली तो दारिद्र्यात मेला. दयेने आरंभिलेले काम बुडाले आणि छापखान्याच्या निकडीने आरंभिलेले तरले! ह्यात कॅरियर यांचा दोष नाही; जगाची ही रीत मात्र मनाला डाचल्यावाचून राहत नाही.

गर्दीच्या ठिकाणी थंडावा नेण्यास मोठी अडचण होती. तेव्हाची शीतयंत्रे अवजड असत व त्यांत बहुधा अमोनिया हा विषारी वायू वापरीत. तो फुटून नाट्यगृहात पसरला तर अनर्थच. कॅरियर यांनी वर्तुळगतीने फिरणाऱ्या चाकाचे, आटोपशीर व अधिक निर्धोक असे नवे शीतयंत्र सिद्ध करून १९२२ च्या मे महिन्यात नेवार्क येथे लोकांस दाखविले. १९२५ साली न्यूयॉर्कच्या रिव्होली चित्रपटगृहात ते बसवावयाचे होते. नगराचे अधिकारी नव्या द्रवाला परवानगी देईनात, तेव्हा कॅरियर यांनी त्या द्रवात पेटती काडी टाकून त्याचा स्फोट होत नाही हे समक्ष दाखविल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. उन्हाळ्याच्या आरंभीच्या सुट्टीच्या दिवशी खेळ सुरू झाला. पॅरामाउंट चित्रपटसंस्थेचे मुख्य ॲडॉल्फ झुकर सज्जात बसून पाहत होते. यंत्र सुरू होण्यास उशीर झाला. लोक सवयीप्रमाणे हातपंखे हलवीत होते. हळूहळू एकेक पंखा खाली आला, मग दहा, मग शेकडो. कॅरियर व त्यांचे सोबती मागे उभे राहून पंखे मोजीत होते. शेवटचा पंखा थांबला तेव्हा त्यांस हायसे वाटले. पूर्वी उन्हाळ्यात ओस पडणारी चित्रपटगृहे त्यानंतर उन्हाळ्यातच भरू लागली. १९२८ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात व पुढील वर्षी वरिष्ठ सभागृहात हा गारवा पोहोचला.

आता त्या भिंतीतल्या पेटीकडे वळू. १९३१ साली शुल्ट्झ व शर्मन ह्या दोघांनी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवण्याजोग्या यंत्राच्या एकस्वासाठी अर्ज केला. पण त्याची किंमत ऐकून धनिकांचेही डोळे पांढरे होत. मोठ्या इमारतीतील अवजड यंत्रात जे अवयव दूरदूर मांडलेले असतात, ते सर्व ह्या एका पेटीत कोंबलेले असतात. मध्ये एक आडपडदा. खोलीकडील भागात थंड नळ्यांचे वेटोळे, बाहेरील भागात उष्ण नळ्यांचे वेटोळे, आणि दोहोंतून एकच द्रव फिरतो. तो आतील नळ्यांत वाफ होतो व खोलीची उष्णता शोषून घेतो. कॉम्प्रेसर त्या वाफेस दाबून तापवितो. बाहेरील नळ्यांत ती आपली उष्णता रस्त्यावरील हवेस देऊन पुन्हा द्रव होते. आणि एका बारीक नळीतून दाब उतरताच गार होऊन आत परतते. थंडी म्हणून काही निर्माण होत नाही; उष्णता केवळ आतून उचलून बाहेर टाकली जाते. खोलीतील हवेचे पाणी आतील नळ्यांवर जमून तळच्या पन्हळीने बाहेर वाहते. पेटी बाहेरच्या बाजूस किंचित उतरती बसवितात ती ह्याचसाठी. उलटी कलली तर पाणी गादीवर आलेच म्हणून समजावे.

खिडकीत ठेवावयाची पेटी व भिंतीत कायमची बसवावयाची पेटी ह्यांत एक भेद आहे. खिडकीच्या पेटीस श्वास घेण्याकरिता दोन्ही कुशींस झरोके असतात. भिंतीतील पेटीसाठी प्रथम भिंतीत पत्र्याचे कवच पक्के करतात व पेटी त्यात सरकवितात. तिचा सर्व श्वासोच्छ्वास पाठीतूनच होतो. हे न जाणता कोणी खिडकीची पेटी जाड भिंतीत कोंबली, तर तिच्या कुशी बुजतात, उष्णता कोंडते आणि यंत्र वीज खाऊनही खोली गार करीत नाही.

आता ज्याबद्दल मौन पाळणे मला प्रशस्त वाटत नाही ते सांगतो. आतून उचललेली उष्णता बाहेर टाकली जाते, आणि यंत्र चालविण्यास लागलेल्या विजेची उष्णताही तिच्यात मिळते. म्हणजे आत जेवढा गारवा, त्याहून अधिक ताप बाहेर. अरुंद गल्लीत समोरासमोर अशा पेट्या लागल्या, तर ज्याच्या घरी पेटी नाही त्याच्या खिडकीत शेजाऱ्याचा उकाडा येऊन पडतो. द्रवाचीही एक कथा आहे. १९२८ साली थॉमस मिजली व त्याच्या सहकाऱ्यांनी विषारी नसलेला व पेट न घेणारा नवा वायू शोधला. कॅरियर यांच्या मंडळीसह सर्वांनी त्याचे स्वागत केले. हाच वर्ग आकाशातील ओझोनच्या आवरणास झिजवितो असे १९७४ साली शास्त्रज्ञांनी दाखविले व १९८७ च्या माँट्रियल कराराने त्याचा वापर बंद करण्याचा मार्ग मोकळा झाला. कॅरियर यांस हे कळणे शक्य नव्हते, ते तत्पूर्वीच वारले. शेजारच्या खिडकीचा प्रश्न मात्र त्यांच्या काळीही डोळ्यांसमोर होता, आणि हवेचे इतके बारीक हिशेब करणाऱ्या ह्या पुरुषाने बाहेरच्या हवेचा हिशेब आणखी थोडा मांडावयास हवा होता, असे मला वाटते.

१९२९ च्या आर्थिक कोसळणीने त्यांच्या मंडळीस घेरले. दुसऱ्या दोन मंडळ्यांशी एकी करून ती १९३० साली तगली व १९३७ मध्ये सिरॅक्यूस येथे स्थिरावली. १९३९ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात त्यांनी बर्फाच्या झोपडीच्या आकाराचे दालन उभारून लोकांस गारवा चाखविला. त्याच वर्षी, बारीक नळ्यांतून वेगाने हवा सोडून उंच इमारतीतील प्रत्येक खोलीस पुरविण्याची पद्धती त्यांनी पुढे आणली. दुसऱ्या महायुद्धात क्लीव्हलंड येथील संशोधनशाळेत विमानांची इंजिने अति उंचीवरील विरळ व गोठविणाऱ्या हवेत तपासता यावीत म्हणून प्रचंड शीतव्यवस्था उभारावयाची होती. हे काम ते आपल्या सर्व कामांत श्रेष्ठ मानीत.

हृदयविकार जडल्यामुळे १९४८ साली ते निवृत्त झाले. घरगुती पेटी एव्हाना स्वस्त होऊ लागली होती. हेन्री गॅल्सन ह्या यंत्रज्ञाने तिला आटोपशीर रूप दिले आणि १९४७ पर्यंत अमेरिकेत अशा ४३,००० पेट्या विकल्या गेल्या. ती घरोघर पोहोचलेली पाहणे मात्र कॅरियर यांच्या नशिबी नव्हते. १९५० च्या ऑक्टोबर महिन्यात, ७ तारखेस, न्यूयॉर्क येथे वयाच्या ७३ व्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. ज्या बफेलो शहरात त्यांनी आठवड्यास १० डॉलरांवर पहिली चाकरी धरली होती, तेथील फॉरेस्ट लॉन दफनभूमीत त्यांस मूठमाती देण्यात आली.